सीमेपलीकडून येणारं पाणी: वादविवाद स्पर्धेसाठी खरं उदाहरण हवंय

खडू_मिरज

नमस्कार. मी मिरजेला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. आमची अकरावीची एक मुलगी वादविवाद स्पर्धेला उतरतेय. विषय: 'हवामानबदल हा आता देशाच्या सुरक्षेचा प्रश्न झाला आहे आणि तो कुणा एका देशाला सुटणारा नाही.' ती अनुकूल बाजूने बोलणार. सहा मिनिटं.

पहिला खर्डा घेऊन आली. त्यात 'वसुधैव कुटुंबकम्' तीनदा, 'निसर्गाला सीमा नसतात' दोनदा आणि पॅरिस करार एकदा. मी म्हटलं, अगं, यात पाणी कुठंय? कुणाच्या घरात शिरलं? कुणी कुणाला कळवलं, की नाही कळवलं? तर म्हणाली, "बाई, असलं पुस्तकात नसतं."

गंमत म्हणजे 2019 च्या पुरात ही सांगलीत गावभागात राहत होती, दहा वर्षांची असेल. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. त्या आठवड्यात सांगलीत कुणी कुणाला 'कसे आहात' विचारत नव्हतं, सगळे एकच विचारत, "आयर्विनला किती?" तिला ते सगळं आठवतं, पण ते भाषणात घालायचं असतं हेच तिला माहीत नाही.

मला अडचण अशी आहे. कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणावरून आपण आणि कर्नाटक एका देशात असून वीस वर्षं भांडतोय. मग दोन देश कसं निभावत असतील? करारांची यादी नकोय, ती मी काढू शकते. इथं कुणी अशा ठिकाणी राहिलं असेल, काम केलं असेल, तर सांगा.

स्पष्टवक्ता

मॅडम, मुलीला प्रतिकूल बाजूला उतरवा, बक्षीस मिळेल. सहकार्य वगैरे भाषणापुरतं. 2017 ला डोकलामचा तंटा चालू असताना चीनने आपल्याला ब्रह्मपुत्रेची पावसाळी आकडेवारी दिली नाही. कारण काय, तर म्हणे पाणी मोजायच्या केंद्राचं काम चालू आहे. बांगलादेशाला मात्र ती मिळत होती. सिंधू करार एप्रिल 2025 पासून आपणच स्थगित ठेवलाय. आणि सुरक्षेचं म्हणाल तर 13 डिसेंबर 2021 ला सुरक्षा परिषदेत हवामानबदलाला सुरक्षेशी जोडणारा ठराव आला होता. आयर्लंड आणि नायजरने आणलेला. रशियाने नकाराधिकार वापरला आणि भारताने विरोधात मत दिलं. समोरच्या पोराने एवढं एकच वाक्य टाकलं तरी तुमची मुलगी खाली बसेल.

कांडीवाला

मॅडम, मी इचलकरंजीचा. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलो. पुढं विव्हिंग मास्टर म्हणून बांगलादेशात गेलो, नारायणगंजला, ढाक्याच्या शेजारी. ऑगस्ट 2024 मध्ये तिथंच होतो.

तारखा लक्षात राहायचं कारण सूत. आमचे दोन कंटेनर चट्टग्राम बंदरातून निघाले होते आणि फेनीच्या अलीकडं अडकले. ढाका-चट्टग्राम रस्ताच पाण्याखाली. ड्रायव्हरचा फोन लागेना, कारण फेनीतले मोबाईल टॉवर बहुतेक सगळे बंद पडले होते. इकडं मागावरचे बीम (सूत गुंडाळलेले रूळ) उतरायला आलेले, आणि पुढं लावायला सूत नाही.

तो काळ कसला होता तेही बघा. 5 ऑगस्टला शेख हसीना देश सोडून भारतात आल्या. युनूस यांचं हंगामी सरकार दोन आठवड्यांचंसुद्धा नव्हतं. आम्ही मिलमधले चार-पाच भारतीय संध्याकाळी फाटकाबाहेर चहालाही जात नव्हतो.

22 तारखेला सकाळी पाळी बदलताना माझा जॉबर (माग लावणारा, दुरुस्त करणारा) समोर येऊन उभा राहिला. पोरगा फेनी जिल्ह्यातल्या परशुरामचा. (हो, परशुरामच नाव आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला चिपळूणचा घाट आठवला होता.) त्याच्या हातात फोन. व्हिडिओत एक अजस्र धरण, सगळी दारं उघडलेली, फेसाळतं पाणी, आणि वर लिहिलेलं, 'भारत बाँध खुले दियेछे.' म्हणजे भारतानं धरण सोडलं. त्याची आई आणि धाकटा भाऊ गावी होते, आदल्या दुपारपासून फोन नाही. तो ओरडला वगैरे नाही. हळू आवाजात म्हणाला, "दादा, आपनारा एइटा केनो कोरलेन?" तुम्ही असं का केलंत?

मला काय आठवलं असेल सांगू? 2019 चं आमचं घर. पंचगंगेचं पाणी उंबऱ्याच्या वर चार फूट, आम्ही माडीवर, आणि वडील सारखं म्हणतायत, "कानड्यांनी अलमट्टी तुंबवून धरलीय." तिकडं सोडलं म्हणून शिव्या, इकडं धरलं म्हणून शिव्या. आमच्या कारखान्यात विजापूरकडचा एक कामगार होता. पाणी उतरल्यावर चिखल काढताना गल्लीतल्या पोरांनी त्याला विचारलं होतं, "काय रे, तुमच्या लोकांनी आम्हाला बुडवलं की!" तो मान खाली घालून खराट्यानं चिखल लोटत राहिला. मी तिथं उभा होतो आणि काही बोललो नव्हतो. पाच वर्षांनी त्याच्या जागी मी.

मग मी काय केलं, तर डिझाईनच्या कागदाच्या मागं जॉबरला नद्या काढून दाखवल्या. ज्या धरणाबद्दल आरडाओरडा चालला होता ते त्रिपुरातलं डुंबूर. ते आहे गोमती नदीवर. गोमती सोनामुडाजवळून बांगलादेशात शिरते ती कुमिल्लात. फेनीत येते ती मुहुरी, वेगळी नदी. डुंबूरचं पाणी परशुरामला यायचं तर डोंगर चढून यावं लागेल. शिवाय ते धरण जेमतेम तीस मीटर उंचीचं, सीमेपासून एकशेवीस किलोमीटर आत. व्हिडिओतलं ते नव्हेच. खरं कारण पाऊस. दक्षिण त्रिपुरात बगाफाला एका दिवसात पावणेचारशे मिलिमीटर झाला होता. त्रिपुरातही माणसं मेली, घरं गेली.

त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे पाऊस आधी तुमच्याकडं पडला. मग कुणी सांगितलं का नाही?"

याचं उत्तर, निदान गोमतीपुरतं, मला त्या दिवशी संध्याकाळी मिळालं, दिल्लीच्या परराष्ट्र खात्याच्या निवेदनात. आणि मॅडम, तुमच्या मुलीला जे हवंय ते इथं आहे. गोमतीवर भारताची पातळी मोजायची तीन केंद्रं आहेत, एक अमरपूरला आणि दोन सोनामुडाकडं. ठरल्याप्रमाणं तिथले आकडे बांगलादेशाला जातात. 21 ऑगस्टला दुपारी 3 पर्यंत गेले, आणि पाणी चढतंय हे त्यात दिसत होतं. संध्याकाळी 6 ला पुरामुळं वीज गेली आणि संपर्क तुटला.

बस्स. निवेदनाप्रमाणं कुणी पाणी लपवलं नव्हतं आणि कुणी आकडेही दाबून ठेवले नव्हते, नुसती वीज गेली. पण त्या रात्री ढाका विद्यापीठात पोरं भारताविरुद्ध घोषणा देत रस्त्यावर आली होती. हंगामी सरकारातले सल्लागार जाहीरपणे म्हणत होते की भारतानं न सांगता धरण सोडलं. 22 च्या रात्री कुमिल्लात बुडबुडियाला गोमतीचा बांध फुटला आणि बुडिचंगमधली गावंच्या गावं पाण्यात गेली. सगळा पूर धरला तर अकरा जिल्हे, पन्नास लाखांवर माणसं. एवढ्या लोकांच्या डोक्यात आता 'भारताने केलं' हे बसलं ते बसलंच. माझ्या जॉबरला मी कागद दाखवला. बाकीच्यांना कोण दाखवणार?

एक गोष्ट मात्र मला लई पटली. 22 लाच भारताचे उच्चायुक्त युनूस यांना भेटले, तेव्हा युनूस यांनी सुचवलं की सीमेवर दोन्हीकडचे जवान जशा ध्वजबैठका घेतात तशी पुरासाठीही एक व्यवस्था असावी. साधी गोष्ट आहे. सीमेवर गोळी सुटली तर कुणाला फोन लावायचा हे दोन्हीकडच्या कमांडरला माहीत असतं. पाणी आल्यावर कुणाला लावायचा?

सूत सहाव्या दिवशी आलं. खालच्या दोन थरांतले सुताचे कोन चिखलानं भिजलेले, फेकून दिले. जॉबर अकरा दिवसांनी आला. आई शाळेच्या गच्चीवर होती, ठीक होती. म्हैस गेली.

खडू_मिरज

कांडीवाला, काय बोलू. तुमचा तो विजापूरचा माणूस माझ्या डोक्यातून जाणार नाही.

एकच शंका. समोरची बाजू विचारणार की डुंबूरमधून पाणी सुटलंच नाही का?

कांडीवाला

सुटलं ना. आवक फार झाली की आपोआप सुटतं, हे निवेदनातही होतं. ते कबूल करूनच बोलायला सांगा. पण धरणाच्या खालचं पाणलोटही प्रचंड आहे, आणि कुमिल्लात आलेलं पाणी मुख्यतः तिथलं होतं असं भारताचं म्हणणं. आणि एक गंमत: डुंबूरवर जी वीज होते ती ग्रीडमध्ये जाते आणि त्यातून बांगलादेशही 40 मेगावॉट घेतो. म्हणजे ज्या धरणाला शिव्या, त्याच्यावरच काही घरातला पंखा चालतोय. आपलं कोयनेचं तसंच की.

गेज_काका

बाई, मी कोल्हापूरचा, आता निवृत्त. नदीची पातळी मोजायची यंत्रं बसवण्यात आयुष्य गेलं, एका ठेकेदाराकडं. 2004-05 ला हिमाचलात सतलजवर रामपूरला होतो. स्पष्टवक्तांचं बरोबर आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मी पाहिलंय.

रामपूरला गेल्या गेल्या चहावाल्यापासून ठेकेदाराच्या मुकादमापर्यंत सगळे एकच गोष्ट सांगायचे, 1 ऑगस्ट 2000 ची. रात्री, पाऊस नसताना, तिबेटकडून पाण्याची भिंत आली. शंभरावर माणसं गेली, पूल, रस्ते, बाजार गेले. आधी कुणाकडून एक अक्षर नाही. कळवायचं असं काही ठरलेलंच नव्हतं.

मग 2004 चा उन्हाळा. पारेछू म्हणून नदी आहे. विचित्र नदी, आपल्याकडं उगवते, तिबेटात जाते आणि फिरून पुन्हा आपल्याकडं येऊन स्पितीला मिळते, आणि स्पिती पुढं सतलजला. तिबेटात तिच्यावर दरड कोसळली आणि मागं तळं साचलं. या वेळी चीननं कळवलं. हैदराबादहून उपग्रहाची चित्रं येऊ लागली, तळं किती वाढलं ते दिसायचं. नदीकाठची वस्ती वर हलवली. आम्ही भोंगे तपासत बसायचो. काही झालं नाही. थंडीत तळं गोठलं. लोक वैतागून परत खाली आले, आम्हाला टोमणे मारायचे, "कहाँ है आपका पानी?"

26 जून 2005 ला फुटलं. मी वरच्या रस्त्यावर होतो. पाणी मला पाणी वाटलंच नाही, काळपट गाळाचा एक सरकता डोंगर, त्यात देवदाराचे ओंडके उभे राहून कोलांट्या खात होते. आवाज असा की शेजारचा माणूस बोललेला ऐकू येईना. नाथपा झाकरी वीजप्रकल्प गाळामुळं बंद ठेवावा लागला. पूल गेले, शेकडो कोटींचं नुकसान झालं. पण माणसं वाचली. पाच वर्षांपूर्वी त्याच नदीनं शंभरावर नेली होती.

त्याच साली एप्रिलमध्ये चीनचे पंतप्रधान दिल्लीला आले तेव्हा सतलजच्या आकड्यांचा सामंजस्य करार झाला होता. ब्रह्मपुत्रेचा 2002 पासूनच होता. 62 चं युद्ध कुणी विसरलं नव्हतं, तरीही झाला. आता ते दोन्ही करार मुदत संपून पडलेत आणि वर यारलुंग त्सांगपोवर (म्हणजे तिबेटातल्या ब्रह्मपुत्रेवर) चीननं 2025 मध्ये भलंमोठं धरण बांधायला घेतलंय, हेही मुलीनं लपवू नये.

आता माझ्या धंद्याचं थोडं. पातळी मोजायच्या दोन रीती. एक पुलाच्या खांबावर रंगवलेली पट्टी, जी माणूस वाचतो. दुसरी म्हणजे पुलाला उलटा टांगलेला रडार, तो पाण्यावर लहर सोडून अंतर मोजतो आणि आकडा उपग्रहामार्फत पाठवतो. रडार हुशार असतो, पण त्याची बॅटरीची पेटी कुठं बसवली यावर सगळं. मी स्वतः पाहिलंय, शिडी नको म्हणून पेटी कमरेच्या उंचीवर बसवलेली, आणि पहिल्याच मोठ्या पुरात ती बुडालेली. ज्या दिवसासाठी यंत्र घेतलं नेमक्या त्याच दिवशी ते मुकं. गोमतीच्या केंद्रांवर काय होतं मी पाहिलेलं नाही, त्यामुळं त्यावर बोलत नाही. पण 'वीज गेली, संपर्क तुटला' हे वाक्य वाचून मला काही नवल वाटलं नाही.

म्हणून प्रत्येक केंद्रावर मी एक स्थानिक माणूस ठेवायला लावायचो. वही, टॉर्च, शिट्टी आणि बिनतारी संच. साहेब लोक हसायचे.

स्पष्टवक्ता

काका, मान्य. पण 2005 चा चीन वेगळा होता. आता कोण कुणाला कळवतंय?

गेज_काका

24 ऑगस्ट 2025. जम्मूत तावी नदीला मोठा पूर येतोय म्हणून भारतानं पाकिस्तानला कळवलं. पहलगाम झालं होतं, मे महिन्यात चकमक झाली होती, सिंधू करार तुम्ही म्हणता तसा स्थगित होता. त्यामुळं नेहमीच्या सिंधू आयोगामार्फत नाही, इस्लामाबादच्या उच्चायुक्तालयातून, माणुसकीच्या नात्यानं म्हणून. पण कळवलं. रस्ता बंद होता म्हणून आडवाटेनं गेले. आता आडवाटेनं निरोप पोचायला किती तास जास्त लागतात हा तुमचा मुद्दा असेल तर तो मला कबूल आहे. करारातला फोन असता तर निरोप रोजच्या माणसानं रोजच्या माणसाला दिला असता.

सुरक्षा परिषदेतल्या मताचं म्हणाल तर भारताचं म्हणणं होतं की हा विषय जिथं सगळ्या देशांना बोलता येतं त्या हवामान परिषदेतच राहू दे, पंधरा जणांच्या टेबलावर नको. पटो न पटो, 'सहकार्य नको' असं ते नव्हतं. मुलीला हे पाठ असलेलं बरं.

आणि बाई, अलमट्टीचं. 2019 नंतर पुराची कारणं शोधायला नेमलेल्या वडनेरे समितीनं सांगितलं की त्या पुराला अलमट्टी कारण नव्हती. सांगलीत हे बोललात तर चहा मिळणार नाही, मला माहितीय. पण 2021 च्या जूनमध्ये आपले जलसंपदा मंत्री बंगळूरला जाऊन कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांना भेटले, पावसाळ्यात दोन्हीकडच्यांनी आकडे एकमेकांना देत राहायचं ठरलं. पुढच्याच महिन्यात पूर आला. पाणी तेव्हाही शिरलं, पण 'कर्नाटक काही सांगतच नाही' हे रडगाणं मी त्या साली कमी ऐकलं. आता धरणाची उंची 519.60 वरून 524.256 मीटर करायची त्यांची मागणी आहे, त्यावर भांडावं, जरूर भांडावं. आकडे बंद करून मात्र भांडू नये.

खडू_मिरज

काका, कांडीवाला, दोघांचे आभार. स्पष्टवक्ता, तुमचेही, तुमच्या मुद्द्यांवरच आज तिला तासभर घोळवलं.

काल तिला सगळं वाचून दाखवलं. विजापूरच्या माणसाचं आलं तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, बाई, आमच्या शेजारी पण एक कानडी काकू होत्या, पूर ओसरल्यावर त्यांच्याकडं महिनाभर कुणी हळदीकुंकवाला गेलं नव्हतं. आईसुद्धा. हे बोलू का? मी म्हटलं, आईला विचारून ठरव.

'वसुधैव' काढलंय. एकदाही नाही. सुरुवात अशी ठरली आहे: "21 ऑगस्ट 2024. दुपारचे तीन. गोमती नदीवरून शेवटचा आकडा सीमेपलीकडे गेला." मग ती दहा सेकंद गप्प उभी राहणार आहे. दहा सेकंद सहा मिनिटांतले जातात म्हणून मी नको म्हणत होते, ती ऐकत नाही.

कांडीवाला

गप्प राहू द्या, मॅडम. फक्त एक दुरुस्ती. निवेदन दिल्लीचं होतं, म्हणजे ते तीन आपल्या घड्याळातले. बांगलादेशात तेव्हा साडेतीन वाजले होते. मी सहा वर्षं दोन घड्याळं बांधून काढली, एक घरच्या फोनसाठी, एक पाळीसाठी. परीक्षकांत कुणी खवचट असेल तर विचारेल, कुठले तीन? तिला आधीच सांगून ठेवा.